अक्का, तुझा विरोधी पक्ष हुरडा खाऊन गेला

प्रिय अक्का,

आज सकाळी तुझा विरोधी पक्ष आपल्या घरून निघाला. चांगला चार दिवस मुक्कामाला होता. निघताना आईच्या पाया पडायला वाकला. एवढा ताडमाड माणूस, त्याला आईचे पाय सापडेनात. आई म्हणते, "राहू दे बाबा, कंबर धरंल!" माझी लेक मैत्रेयी त्याला विमानतळावर सोडायला गेलीय. घरात आता मी आणि आई दोघीच. चार दिवसांची वर्दळ एकदम थांबली आणि मला तुझ्याशी बोलल्याशिवाय चैन पडेना. तुला जाऊन वर्ष झालं, तरी काही घडलं की हात आधी फोनकडंच जातो बघ. आज म्हटलं, लिहूनच काढावं.

होय गं, कॉलिनच! तुझ्या त्या कुरांबी गावचे माजी नगराध्यक्ष. आधी तुला हरवणारे आणि मग तुझ्याकडून हरणारे. तुझ्या पहिल्या स्मृतिदिनासाठी ऑस्ट्रेलियातून थेट आपल्या तीर्थपुरीला! मैत्रेयीला त्यांनी मेल केला होता, "शकुंतलाला मी शब्द दिला होता. येतोय." कसला शब्द, ते काही लिहिलं नव्हतं. आणि तू तर असल्या गोष्टी आम्हाला कधी सांगितल्याच नाहीस! किती लपवून ठेवलंस गं अक्का? या चार दिवसांत एकेक बाहेर आलं.

खरं सांगू? ते येणार म्हटल्यावर मी घाबरले होते. आईमुळे.

तू गेल्याचा निरोप आला, त्या दिवसापासून आई तुझं नाव काढीत नव्हती. विहारात पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, सगळी वस्ती आली, आई मात्र भिंतीकडं तोंड करून बसली. तुझा तिथला अंत्यविधी आम्ही मोबाइलवर पाहत होतो. तिला म्हटलं, ये, तर उठून शेळीला पाला टाकायला गेली. वर्षभर तिच्या तोंडी एकच. "परक्या मुलखाची झाली ती. तिथं कोण रडलं असंल तिच्यासाठी?"

मलाच कुठं माहीत होतं?

पण आधी चांगलं आठवू दे ना!

आपल्या शाळेत मंत्रिमंडळाची निवडणूक झाली होती, आठवतं? तू सातवीत, मी चौथीत. तू मुख्यमंत्रिपदाला उभी राहिलीस आणि पडलीस, कारण किराणा दुकानदाराच्या पोरानं वर्गात लिमलेटच्या गोळ्या वाटल्या. तुला मिळालं पाणीपुरवठा खातं. बाकीचे मंत्री दुसऱ्या दिवशी आपापलं खातं विसरून गोट्या खेळायला लागले. तू मात्र शाळेच्या बंद पडलेल्या हापशाला हात लावून पाहिलास, आणि बाजाराच्या दिवशी हापसे दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीला गाठलंस. त्याची सायकल पुढं, तू मागं. आई भाजी घेऊन बसली होती, तिच्यासमोरून तुम्ही दोघं गेलात आणि थोड्या वेळानं परत उलट्या दिशेनं आलात. मिस्त्री वैतागून म्हणाला, "कोण गं तू, सारखी माझ्या मागं?"

"मी पाणीपुरवठा मंत्री हाय. चला."

सगळा बाजार हसला. आईनं कपाळाला हात लावला. पण हापसा त्याच दिवशी सुरू झाला ना!

पुढं तू परभणीला कृषीचं शिकलीस, जालन्याच्या एमआयडीसीत बियाण्यांच्या कारखान्यात लागलीस. ओल्या कागदात दाणे ठेवायचे आणि उगवतात का ते बघायचं, हे तुझं काम. शेजारच्या स्टीलच्या मिलमध्ये मिलिंद भाऊजी इंजिनिअर होते. चहाच्या टपरीवर तुमचं जमलं, हे घरात सगळ्यांत आधी मला कळलं होतं, आणि मी कुणाला सांगितलं नव्हतं. त्याबद्दल तू मला हिरवी रिबीन दिली होतीस. मग लग्न झालं, मग भाऊजींना ऑस्ट्रेलियात नोकरी लागली, गव्हाच्या मुलखात. जावयाच्या नव्या गावाचं नाव ऐकून आपले दादा विचारात पडले. "कुरांबी? हे भोकरदन तालुक्यातलं तर न्हाई ना? केदारखेड्याच्या पल्याड असंल." दादा गेले, पण शेवटपर्यंत त्यांना वाटायचं की जवळच कुठंतरी आहे.

तिथं तुला गव्हाच्या कोठारावर काम मिळालं. शेतकऱ्यांचे ट्रक यायचे, तू दाणे काढून ओल तपासायचीस, आणि ओल जास्त निघाली की ट्रक परत. म्हणजे गावातल्या झाडून सगळ्या शेतकऱ्यांना तू आधी नाही म्हटलंस, आणि मग त्यांच्याकडं मतं मागायला गेलीस. हे फक्त तूच करू जाणे!

आणि मग मिलिंद भाऊजी गेले. कामावर असतानाच, छातीत कळ येऊन. तुम्हाला मूलबाळ नव्हतं. त्यांच्या अस्थी घेऊन तू आलीस, तेव्हा आईनं आधीच तुझी खोली सारवून, रंग लावून ठेवली होती. "आता कशाला जातीस? हितंच ऱ्हा," ती म्हणाली. तू हो म्हणून मान हलवलीस. आणि परत गेलीस. "थोडी आवराआवर करून येते" म्हणालीस. मग "पुढच्या साली येते." मग तेही म्हणायचं बंद झालं.

आईचा खरा राग तो होता, अक्का. तू परदेशी गेलीस याचा नाही. एकटी पडलीस तेव्हा आईकडं आली नाहीस, याचा. "माझ्याहून जवळचं तिथं कोण हाय तिला?" म्हणायची. मीही एकदा फोनवर तुला बोलले होते, की त्या ओसाड घरात कुणासाठी बसलीस? तू म्हणालीस, "सुनी, इथं संध्याकाळी इतका गलका असतो गं!" मला वाटलं, तू विषय टाळतेस.

त्यानंतर एकदम बातमी, की तू निवडणुकीला उभी! आम्हाला वाटलं, कोठारावरच्या कामगारांची वगैरे असेल. तर नाही, नगरपालिकेची. तू तुझ्या पोस्टरचा फोटो पाठवलास. त्यावर तुझा हसरा चेहरा आणि खाली मोठ्या अक्षरांत नुसतं 'शॅक'. तिकडं म्हणे सगळ्यांची नावं तोडून आखूड करतात. मैत्रेयीनं शब्दकोश बघून सांगितलं, शॅक म्हणजे झोपडी, पत्र्याची खोली. दादा भडकलेच. "माझ्या पोरीला झोपडी म्हणून राह्यले?" तू फोनवर खो खो हसलीस. "दादा, पत्र्याच्याच खोलीत जन्मले ना मी? त्यांना न सांगता बराबर कळलं!"

तू नगरसेविका झालीस. मग विधानसभेला उभी राहिलीस, अपक्ष, कॉलिनच्या विरोधात, आणि पडलीस. आम्ही म्हटलं, आता तरी येशील. तू पुढच्या वेळी परत उभी राहिलीस. निकालाच्या दिवशी मी शाळेतून रजा घेतली होती. मैत्रेयी मोबाइलवर आकडे बघत होती आणि कुणालाच काही कळत नव्हतं. पहिल्या मोजणीत तू मागं. मग थोडी पुढं. मग आणखी पुढं! तिथं म्हणे मतदार एकाच नावावर शिक्का मारीत नाहीत, सगळ्या उमेदवारांना एक, दोन, तीन असे पसंतीचे नंबर देतात. खालचे उमेदवार बाद होत गेले, तशी त्यांच्या मतदारांची दुसरी पसंती तुझ्याकडं येत गेली. दादांना हे मुळीच पटलं नाही. "दुसऱ्या नंबरवर निवडून येतंय व्हय कुणी?" पण पेढे आणायला तेच पहिले धावले.

तुझं विधानसभेतलं पहिलं भाषण, मोबाइलवर पाहिलेलं! तू उभी राहिलीस, निळी साडी, चष्मा. सगळं इंग्रजी सुरू होणार म्हणून आम्ही मैत्रेयीकडं बघत होतो, आणि तू मराठीत म्हणालीस, "आई, बघ गं." नंतर तूच सांगितलंस, की तिथल्या नोंद घेणाऱ्या बाईनं तुला गाठून हे शब्द कसे लिहायचे ते विचारलं. आता ते तिथल्या कामकाजात कायमचे छापलेले आहेत.

आई तेव्हा उंबऱ्यात बसून डाळ निवडत होती. मुद्दाम पाठ करून. पण तुझा आवाज आल्यावर तिचे हात थांबले होते, मी पाहिलं. मग म्हणाली, "बघायला जवळ असावं लागतं." आणि परत खडे वेचू लागली. हे मी तुला कधी सांगितलं नाही. आज सांगते, कारण आज सांगता येतंय.

आमदार झाल्यावर तू गावी आलीस, तो दिवस तर विसरणं शक्य नाही. जेसीबीनं फुलं उधळली तुझ्यावर! तू डोक्यावर हात घेऊन खाली बसलीस, तुला वाटलं काहीतरी कोसळलं. सत्काराला रांग लागली आणि रांगेतल्या प्रत्येकाला पोरासाठी व्हिसा पाहिजे होता. तू हात जोडून सांगत होतीस, "अहो, मी तिथं रस्ते आणि दवाखाने बघते. माझ्या स्वतःच्या व्हिसाला मी रांगेत उभी राहिले होते." कुणाचा विश्वास बसला नाही. अजूनही बसलेला नाही!

असो. तर हे कॉलिन.

स्मृतिदिनाच्या आदल्या दिवशी गाडीतून उतरले. पांढरे केस, लाल चेहरा, हातात रुंद काठाची हॅट. वय आपल्या दादांपेक्षा थोडं कमी. गावातली पोरंटोरं गोळा झाली. आईनं दारातून त्यांना खालपासून वरपर्यंत पाहिलं, वर बघताना तिचा पदर पडला. "ह्योच का, माझ्या पोरीला पाडणारा?"

मैत्रेयीनं भीत भीत इंग्रजीत सांगितलं. कॉलिननं हॅट काढली. "सांग त्यांना, एकदाच पाडलं. नंतर त्यांच्या पोरीनं मला असं पाडलं की मी अजून उठतोय."

आईनं पदर सावरला. "नाव काय म्हणला?"

"कॉलिन."

"कोंडिबा," आई म्हणाली. "ये कोंडिबा, पाय धू."

झालं! चार दिवस सगळ्या गावानं त्यांना कोंडिबाच म्हटलं, आणि ते 'ओ' द्यायला लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी विहारात वंदना झाली. ते सगळ्यांबरोबर खाली मांडी घालायचा प्रयत्न करीत बसले होते, पाय कुठं ठेवावेत ते त्यांना कळेना. दुपारनंतर आम्ही त्यांना शेतात नेलं. ज्वारी हुरड्याला आली होती. आगटीत कणसं भाजली, आणि आई, जी वर्षभर कुठल्या कार्यक्रमाला आली नव्हती, तीही आली. म्हणाली, "पाहुण्याला हुरडा चोळून देता येतो का तुमाला? हात पोळतेत तुमचे." कॉलिन आधी शेतातच फिरले. नगराध्यक्ष असले तरी मूळचे गव्हाचे शेतकरी ना ते! ढेकूळ उचललं, बोटांनी फोडलं, हुंगलं. आई बघत होती. "हाय, शेतकरी हाय," म्हणाली.

आईनं तळहातावर कणीस चोळलं, फुंकर मारली आणि हिरवे दाणे त्यांच्या ओंजळीत टाकले. वर लसणाची चटणी. त्यांनी ती एकदम तोंडात टाकली! चेहरा आधीच लाल, तो आता वांग्यासारखा झाला. डोळ्यांतून पाणी. आम्ही तांब्या घेऊन धावलो. पाणी प्यायले, श्वास घेतला आणि हात पुढं केला, "आणखी."

मग त्यांनी तो शब्द सांगितला. विधानसभेच्या पहिल्या निवडणुकीच्या आधी तुम्ही दोघांनी ठरवलं होतं म्हणे, की जो हरेल त्यानं दुसऱ्याच्या आईच्या घरी जायचं आणि ती देईल ते मुकाट्यानं खायचं! पहिल्यांदा तू हरलीस, त्यांच्या म्हाताऱ्या आईकडं गेलीस. तिनं पावावर काळं, खारट काहीतरी फासून दिलं आणि ते तू हसतमुखानं खाल्लंस. "घास गिळताना ती खिडकीबाहेर बघत होती," कॉलिन म्हणाले. दुसऱ्यांदा ते हरले. पण तीर्थपुरी लांब. आज जाऊ, उद्या जाऊ करीत राहिले, आणि तू गेलीस. "म्हणून आलो," ते म्हणाले. "उशीर झाला. पण चटणी चांगली आहे."

आई सगळं ऐकत होती. मैत्रेयी वाक्यावाक्याला थांबून मराठीत सांगत होती. आगटीतली राख आईनं काडीनं उकरली आणि मान वर न करता म्हणाली, "त्याला इचार. जावई गेले तवा माझी पोर तिथं एकटी होती का?"

मला वाटलं, आता काय होतंय! मैत्रेयीनं विचारलं. कॉलिननं हातातला तांब्या खाली ठेवला. मग त्यांनी सांगितलं.

भाऊजी गेले त्या दिवसापासून तुझ्या दारात रोज कुणीतरी जेवण ठेवून जायचं. ज्यांचे ट्रक तू परत पाठवले होतेस, त्यांच्या बायका. तू त्या दिवसांत मटण-मासे खात नव्हतीस, हे कुणाला तरी कळलं होतं. मग काय करावं ते कुणालाच सुचेना, म्हणून सगळ्यांनी भोपळ्याचं सूप केलं. आज भोपळा, उद्या भोपळा, परवा भोपळा. शेवटी तू दारावर पाटी लावलीस म्हणे, 'सगळ्यांचे आभार. आता भोपळा नको.' आणि दुसऱ्या दिवसापासून बटाट्याचं सूप सुरू!

मी हसले, मैत्रेयी हसली. आई नाही हसली. "मला का न्हाई सांगितलं तिनं? मी रोज इचारायचे, जेवलीस का. नुसतं हो म्हणायची."

"तिला वाटायचं, दुसऱ्या बायकांनी लेकीला जेवू घातलं हे ऐकून तुम्हाला वाईट वाटेल," कॉलिन म्हणाले. "तुमचा हक्क होता तो."

आईनं राखेतलं एक कणीस ओढून काढलं. मग म्हणाली, "वाईट कशाचं त्यात? भलं होवो त्या बायांचं."

अक्का, इतकं साधं होतं गं! तू सांगायचं तरी होतंस!

मग पोहण्याच्या तलावाची गोष्ट निघाली. तू तलाव वाचवलास म्हणून निवडून आलीस, एवढं आम्हाला माहीत होतं. तुला पोहता येत नाही हेही माहीत होतं, मग तलावाशी तुझा काय संबंध, हे कोडंच होतं. ते कॉलिननं सोडवलं. भाऊजी गेल्यावर तुला संध्याकाळी घरात थांबवत नव्हतं. गावात संध्याकाळी सगळीकडं सामसूम. फक्त त्या तलावावर पोरांचा आरडाओरडा. तू थर्मासमध्ये चहा घेऊन जायचीस आणि कडेच्या बाकावर बसायचीस, अंधार पडेपर्यंत. मग पोरं तुला वेळ लावायला सांगायला लागली, कोण आधी पोचलं त्याचा निवाडा करायला सांगायला लागली. त्यांच्या आया येऊन शेजारी बसायला लागल्या.

तोच गलका ना, जो तू मला फोनवर सांगत होतीस? आणि मी म्हटलं, विषय टाळतेस.

"मी तेव्हा नगराध्यक्ष होतो," कॉलिन म्हणाले. "तलाव जुना, गळका. दुरुस्ती परवडत नव्हती. आम्ही बंद करायचं ठरवलं आणि गावाची सभा बोलावली. शकुंतला उठून उभी राहिली. तोवर ती कुठल्या सभेत कधी बोलली नव्हती. म्हणाली, तलाव बंद करू नका. मी विचारलं, बाई, तुम्हाला पोहता येतं का? ती म्हणाली, नाही. सभा हसली. मग ती म्हणाली, मी अजून मेलेही नाही. पण तुम्ही स्मशानाचं गवत वेळच्या वेळी कापता, त्याचं मला बरंच वाटतं."

मैत्रेयीनं हे मराठीत सांगितलं, आणि अक्का, आई हसली! आधी नुसते खांदे हलले. मग पदर तोंडाला लावला. मग तोही सुटला. "हापशाच्या येळंला आशीच बोलली होती, मिस्त्रीला!" डोळे पुसत म्हणाली. "लहानपणापास्नं आशीच हाय ती!"

हाय. होती नाही म्हणाली, हाय म्हणाली.

मग तर कॉलिनना थांबवणं मुश्कील झालं. तू त्या सभेत बोलून गेलीस, की तलाव वाचला तर सगळ्यांत आधी मी उडी मारीन. तलाव वाचला, तू नगरसेविकाही झालीस आणि आता उडी मारायची वेळ आली. तेव्हा तुला पोहायला कुणी शिकवलं? कॉलिनच्या बायकोनं! नवऱ्याच्या विरोधकाला! पहाटे, कुणी नसताना. आणि उद्घाटनाच्या दिवशी तू पंजाबी ड्रेससकट उडी मारलीस, ओढणी पाण्यावर पसरली, सगळं गाव श्वास रोखून उभं. मग तू वर आलीस आणि पहिलं वाक्य काय म्हणालीस? "पाणी गार आहे, गरम करायचा ठराव मांडते!"

विधानसभेतही तू तशीच, ते म्हणाले. कुरांबीच्या दवाखान्यात बाळंतपणाची सोय बंद झाली होती. बायकांना दुसऱ्या शहरी जावं लागायचं, वाटेतच अडायच्या. तू दर अधिवेशनात उठून एकच प्रश्न विचारायचीस. मंत्री बदलले, प्रश्न बदलला नाही. शेवटी म्हणे एक मंत्री तुला दुरून बघूनच म्हणाले, "होतंय, होतंय, बसा!" सोय परत सुरू झाली, आणि तिथं जन्मलेलं पहिलं बाळ कुणाचं माहीत आहे ना तुला? कॉलिनची नात! "त्या दिवशी मला हरल्याचं पहिल्यांदा बरं वाटलं," म्हणाले. "मला लोक एक नंबर द्यायचे नाहीतर शेवटचा. शकुंतलाला शेवटचा नंबर द्यायला कुणाचा हातच धजायचा नाही."

ऊन कलत आलं होतं. आईनं उरलेली कणसं आगटीत सारली आणि वर्षभर आम्हाला विचारत होती ते, पहिल्यांदा ज्याला माहीत होतं त्याला विचारलं. "कोंडिबा, ती गेली तवा तिथं कुणी रडलं का?"

कॉलिननं मैत्रेयीकडं बघितलंच नाही, त्यांना प्रश्न कळला होता की काय कोण जाणे. म्हणाले, "आई, अंत्यविधी झाल्यावर आम्ही सगळे तलावावर गेलो. कुणी ठरवलं नव्हतं. आणि सगळ्यांनी कपड्यांसकट उड्या मारल्या. ट्रकवाले, मास्तरणी, दवाखान्यातल्या नर्सा. मी कोट आणि टायसकट. आधी आम्ही रडतच होतो. पण पाण्यात उतरल्यावर कोण रडतंय आणि कोण हसतंय, काही कळेना."

आम्ही मोबाइलवर अंत्यविधी पाहिला होता ना, तो प्रार्थनेनंतर संपला होता. हे पुढचं आम्हाला दिसलंच नव्हतं.

कॉलिनची हॅट बाजूला पडली होती, आईनं ती उचलून तिच्यावरची राख झटकली आणि त्यांच्या हातात दिली. घरी येताना बैलगाडीच्या वाटेनं ती त्यांच्या कोपराला धरून चालली. दोघांना एकमेकांचं एक अक्षरही कळत नव्हतं आणि दोघं सारखे बोलत होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी भाकरी थापत होते. आई मागं येऊन उभी राहिली. "सुनी, मला जायचंय."

"कुठं? घनसावंगीला?"

"कुरांबीला."

माझ्या हातातली भाकरी परातीत पडली! "आई, अगं ते..."

"कुठं हाय ते मला कळतंय. तुझे दादा न्हाई मी. त्या बाया बघायच्यात मला, सूप करणाऱ्या. आन तिनं जे जे केलं ते बघायचंय. तुमी मोबाइलमधी बघितलं, मी कवा बघू?"

कॉलिनना सांगितलं तर ते अंगणात नाचायचेच बाकी राहिले. पासपोर्टला फोटो लागतो म्हणून लगेच आईला घेऊन बाजारातल्या स्टुडिओत गेलो. आई जरीची साडी नेसली. स्टुडिओवाल्यानं तिला पांढऱ्या पडद्यापुढं बसवलं. मागं दारात कॉलिन, आपली हॅट छातीशी धरून, अर्धं गाव त्यांच्या मागं.

"आजी, हसायचं न्हाई बरं का," स्टुडिओवाला म्हणाला. "दात दिसले की फोटो चालत न्हाई."

"दात हायेत कुठं दिसायला?" आई म्हणाली आणि स्वतःच हसत सुटली. स्टुडिओवाला हसला, कॅमेरा हलला. परत बसवलं. आईनं तोंड गच्च मिटलं, गंभीर झाली, इकडं बघ म्हटल्यावर बघितलं, आणि दारात कॉलिन दिसल्याबरोबर पुन्हा फुटली. वर्षभर ज्या बाईला हसवायला आम्ही जीव टाकला, तिला आता हसू थांबवता येईना! शेवटी कॉलिनना बाहेर रस्त्यावर उभं केलं, दार लावलं, तेव्हा कुठं फोटो निघाला. आणि त्यातही, अक्का, नीट बघितलं तर ओठांच्या कोपऱ्यात आहेच.

तर हे सांगायचं होतं. आता माझा शब्द ऐक. तुमच्याकडं गव्हाची कापणी सुरू होते त्या दिवसांत मी आईला घेऊन कुरांबीला येणार. विमानात तिला खिडकीची जागा देणार, आणि ती जे जे विचारील त्याचं उत्तर देणार, कंटाळा न करता. आणि हे नीट लक्षात ठेव, आई तुला परत न्यायला येत नाहीये. आता तिला तसं काही नकोच आहे. ती लेकीच्या गावाला येतेय, चार दिवस राहायला, माणसं बघायला, जशी कुणाचीही आई जाते.

तुझीच,
सुनी